रशियास निवेदन, मार्फत तहसीलदार

१५ फेब्रुवारी २०२२, मंगळवार. आसेगाव.
आजपासून रोजनिशी. जागतिक परिस्थिती नाजूक आहे आणि माझ्यासारख्या माणसाने नोंदी ठेवल्या नाहीत तर पुढच्या पिढ्यांनी बघायचं कुणाकडे? ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. 'आंतरराष्ट्रीय संबंध' हे प्रकरण झोपेतही सांगेन.

साक्षीचा फोन. पोरगी खारकीव्हला, युक्रेनमध्ये, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. एम्बसी म्हणते, शक्य असेल तर तात्पुरतं परत जा. मैत्रिणी तिकिटं काढताहेत, मी काय करू बाबा? सांगितलं, युद्ध होणार नाही. अणुबॉम्ब बाळगणारे देश जबाबदारीने वागतात, त्यालाच deterrence म्हणतात. निवांत परीक्षा दे. बायकोचं, सरिताचं म्हणणं, पोरीले बोलावून घ्या. तिला थिअरी समजावून सांगितली. ती भाकरी थापत राहिली.

२४ फेब्रुवारी, गुरुवार.
युद्ध झालं. माझा अंदाज तसा चुकलेला नाही, कारण रशिया याला युद्ध म्हणतच नाही. 'विशेष लष्करी कारवाई' म्हणतो.

विमानं बंद. साक्षी होस्टेलच्या बेसमेंटमध्ये. मेसेज पाठवला: 'घाबरू नकोस. जागेवरून हलू नकोस. ४८ तासांत सगळं थांबेल.' सरिता माझ्याशी बोलत नाहीये.

संध्याकाळपर्यंत जगाने चिंता व्यक्त केली. काहींनी तीव्र चिंता. एका देशाने तर अत्यंत तीव्र. परिणाम दिसायला थोडा वेळ लागेल.

२६ फेब्रुवारी, शनिवार.
सुरक्षा परिषदेत ठराव आला. ज्याच्याविरुद्ध ठराव त्याच्याच हातात व्हेटो. चोराची सही असल्याशिवाय चोरीचा पंचनामा होत नाही, अशी ही पद्धत. बारावीच्या पोरांना मी हे 'जागतिक शांततेची हमी' म्हणून शिकवतो. भारत तटस्थ.

जग कमी पडतंय. आसेगावने भूमिका घ्यायला हवी. ग्रामपंचायतीत निषेधाचा ठराव मांडला. सरपंच जगदेवराव म्हणाले, "सर, रशियानं आपलं काय बिघडवलं? पोटॅश तिकडूनच येते म्हंतात." मी नैतिक बाजू मांडली. मतदानाच्या वेळी निम्मे सदस्य चहाला उठून गेले. त्यांना तटस्थ धरलं.

मग आर्थिक निर्बंध. गावातल्या सगळ्या रशियन मालावर बहिष्कार. गावभर शोधलं, रशियन माल निघाला तो एकाच घरी, पोटॅशची दोन पोती, वर 'रशिया' छापलेलं. घर आमचं. खत आधीच आणलेलं असल्यामुळे निर्बंध पुढच्या हंगामापासून.

मेसेज: 'निर्बंधांनी रशिया गुडघ्यावर येईल. ४८ तास.' साक्षीचं उत्तर: 'ओके बाबा.' पोरीला धीर येतोय.

२७ फेब्रुवारी, रविवार.
रशियाने अण्वस्त्रदलं सज्ज ठेवली. Deterrence थिअरीत हे बसतं. कसं, ते अजून बघतोय.

खबरदारी म्हणून परसातलं जुनं पेव साफ करायचं ठरवलं. आमचे आबा, म्हणजे वडील, त्यात ज्वारी भरायचे. जमिनीखाली, तोंड अरुंद, वर फरशी. असा तयार बंकर जिल्ह्यात कुणाकडे असेल? आबा म्हणाले, "ह्या ग्यानबाचा पोरगा पेवात मेला म्हणतीन लोक. आत हवा हाये का ते आंदी कंदील सोडून पाह्य." दुर्लक्ष केलं. उतरलो. शिडीची खालची पायरी तुटली. आत दोन विंचू आणि मी. शेजारचे सेवालाल आणि दौलतसिंग गावातून दोर शोधून आणेपर्यंत दुपार गेली. बाहेर आलो तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. कुणीतरी चिंता व्यक्त केली.

सरिता म्हणाली, साक्षीचा फोन येऊन गेला. विशेष काही नाही, खुशाली.

२८ फेब्रुवारी, सोमवार.
आता निवेदन. आपल्याकडे रस्ता असो, रोहित्र असो, निवेदन दिल्याशिवाय यंत्रणा हलत नाही. रीतसर टाइप केलं:

'प्रति, मा. राष्ट्राध्यक्ष, रशिया. मार्फत, मा. तहसीलदार, मंगरूळपीर. विषय: युद्ध तात्काळ थांबवण्याबाबत.' शेवटी इशारा. सात दिवसांत दखल न घेतल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल. प्रतिलिपी ठाणेदारांना.

आवक टेबलावरच्या बाईंनी निवेदन दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारून दिला. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "सर, तुमची पोरगी तिकडंच हाये ना?" मी हो म्हणालो आणि चष्मा काढून पुसत राहिलो. तिथली धूळ.

देतानाचा फोटो साक्षीला पाठवला. 'आज प्रशासनाला जाग आणली. तू फक्त जागेवर थांब.'

१ मार्च, मंगळवार.
खारकीव्हमध्ये एक भारतीय विद्यार्थी गेला. टीव्हीवर पट्टी फिरली, आधी नाव नव्हतं. मुलगा की मुलगी तेही नव्हतं.

साक्षीला फोन लावत राहिलो. लागेना. तिला तिथं थांब म्हणणारा मीच. चुलीपाशी जाऊन बसलो. सरिताने माझ्याकडे पाहिलं आणि तवा खाली उतरवला.

ती म्हणाली, "पोरगी तिथं नाही. काल सकाळीच गाडीत बसली. आता पोलंडाकडं का हंगेरीकडं, जिकडं वाट भेटन तिकडं." परवा साक्षीने फोन केला होता, स्टेशन गाठू की थांबू विचारायला. मी पेवात होतो. सरिता म्हणाली होती, निंघ.

मला सांगितलं का नाही, विचारलं. "तुमी तिले परत बेसमेंटात पाठवलं असतं," म्हणाली.

रडलो. लिहून ठेवतो, कोण वाचणार आहे.

२ मार्च, बुधवार.
एम्बसीने खारकीव्ह ताबडतोब सोडायला सांगितलं, वाटलं तर पायी. आमच्या घरातून हा आदेश आधीच निघाला होता. श्रेय कुणाचं, हा वेगळा विषय. मी पेवात गेलो नसतो तर निर्णयप्रक्रियेत अडथळा आला असता, एवढं नमूद करतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देश रशियाविरुद्ध. रशिया पुढे सरकतोय. भारत तटस्थ. साक्षी हंगेरीत पोचली.

६ मार्च, रविवार.
नागपूरहून घेऊन आलो. पोरगी अर्धी झालीय. रस्ताभर झोपली. कारंज्याजवळ वरातीत सुतळी बॉम्ब फुटला तर झोपेतच सीटखाली घुसायला लागली. Deterrence वगैरे काही आठवलं नाही. हात धरून बसलो.

८ मार्च, मंगळवार.
विहारात सत्कार. साक्षीचा, आणि 'युद्धकाळात आंतरराष्ट्रीय पातळीवर पाठपुरावा' केल्याबद्दल माझाही. मीच तसं सुचवलं होतं. भाषण तयार होतं, वेळ मिळाला नाही. गावातल्या रुपाबाईंनी साक्षीला विचारलं, येवढ्या दूर तुले धीर कोणाचा होता वं? ती म्हणाली, आईचा.

घरी आल्यावर तिला सहज विचारलं, माझे मेसेज मिळत होते ना? म्हणाली, सगळे. बेसमेंटमध्ये ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. केरळच्या पोरींना ती हिंदीतून सांगायची. ४८ तासवाला, पोटॅशवाला, आणि निवेदन तर चालत्या गाडीत अख्ख्या डब्याने ऐकलं.

छाती भरून आली. विचारलं, मग काय म्हणाले सगळे?

"हसत होते बाबा. लय हसत होते. वरून बॉम्ब पडून राह्यले होते आन् आमी हसून राह्यलो होतो. तेवढाच टाइम भेव वाटत नव्हतं."

मग ती माझ्या खांद्याला टेकून झोपली. मी हललो नाही. खांद्याला रग लागली आहे, डाव्या हाताने लिहितोय.