एका खोलीपुरता वारा

शुक्र. १४ जून २००२, अल नहदा, शारजा

काल दुपारी लाइट गेले. एसी बंद, लिफ्ट बंद. रेवाला उचललं आणि जिन्याने खाली निघाले. नववा मजला, जिन्याला खिडकी नाही, नुसती भट्टी. डोक्यात एवढंच की रस्त्यापलीकडे दुबई, तिथे लाइट आहेत, कुठल्याही दुकानात शिरू. टॅक्सी एक थांबेल तर शपथ. रस्ता ओलांडेपर्यंत तिचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत. घाम येणार कुठून? जन्मतःच घामाच्या ग्रंथी नाहीत. सहा वर्षं हे माहीत असून मी, एम.एस्सी. फिजिक्स बाई, पोरीला भर दुपारी त्या जिन्यातून नेते! ज्यूसच्या दुकानातल्या मलबारी माणसाने बर्फाचं पाणी तिच्या अंगावर ओतलं, म्हणून निभावलं. हॉस्पिटलात ताप १०५.

डॉक्टरीणबाई रागावल्या. "नीचे क्यों लाया? जहाँ हो वहीं गीला करो, हवा दो. पानी और हवा, वही उसका पसीना है."

पाणी देईन. वारा कुठून आणू? पंखाही लाइटवरच.

रवि. १६ जून

सासूबाई फोनवर: "नातीला घेऊन सरळ सांगलीला ये." यायला काय, पंख नाहीत एवढंच. वि.ने मेमध्ये नोकरी बदलली तेव्हापासून तिघांचे पासपोर्ट नव्या कंपनीच्या पी.आर.ओ.कडे, व्हिसाच्या शिक्क्यासाठी. तो म्हणतो, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक." हा नेक्स्ट वीक महिनाभर चाललाय.

बिल्डिंगमागचा ट्रान्सफॉर्मर म्हातारा झालाय आणि एसी वाढलेत. मालकाच्या ऑफिसात विचारलं तर "बुकरा, बुकरा." म्हणजे उद्या. वि. रोज नवऱ्याचं कर्तव्य म्हणून तिथे एक फोन करतो आणि कर्तव्य संपलं की टीव्ही लावतो. त्याला भीती वाटत नाही असं नाही. त्याची भीती गप्प बसते, माझी बडबडते.

गुरु. २० जून

रेवाची खोली म्हणजे वरती थेट गच्ची, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. कामाला लागले. खिडक्यांना फॉईल, फटींना टेप, छताला आणि पश्चिमेच्या भिंतीला थर्माकोल. फ्रिज पाठीतून गरम फुंकतो, त्याला स्वैपाकघरातून हाकलून बाल्कनीत. पिवळे दिवे काढले. फ्रीझरमध्ये भाजी नाही, फक्त पाण्याच्या बाटल्या. आंघोळीचं पाणी लाल नळाचं: इथे उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात, कारण गच्चीच्या टाकीतलं पाणी चटके देतं आणि गीझरमधलं घरात राहून निवतं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुझं डोकं तापलंय, तूच आधी बस त्याखाली.

वि. दारात उभा. "हे घर आहे की टिफिन?"

शेजारची नफीसा पोट सांभाळत बघायला आली. श्रीवर्धनची. शेवटचा महिना. "वैनी, हा काय केलाव?" सगळं समजावून सांगितलं. वर्गात इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

खोली एसी बंद करून बघितली. पूर्वीपेक्षा बराच वेळ थंड राहते. पण शेवटी तापतेच. वारा हवा.

मंगळ. २५ जून

काखेत कळसा आणि गावाला वळसा. रेवाला संध्याकाळी खाली नेलं होतं. पार्किंगच्या मीटरवरची ती काळी पाटी दाखवून ती म्हणते, "आई, हू पेज हिज इलेक्ट्रिसिटी बिल?"

सूर्य भरतो बाळा! जो सूर्य आपल्या मुळावर उठलाय तोच.

पळतच नफीसाकडे गेले. तिच्या नवऱ्याचं, इक्बालचं, बोटींच्या सामानाचं दुकान आहे. तो म्हणाला, लाँचवाले दिव्यासाठी असली पॅनलं नेतात, एक पडलंय दुकानात. "एसी नाय चालनार हां वैनी. पंखा चालेल." मला एसी नकोच आहे. किंमत विचारली तर म्हणाला, "रेवा माजी पन पोरगी हाय, नंतर बघू."

शुक्र. २८ जून

लागलं! गच्चीवर डिशच्या जंगलात पॅनल, डक्टमधून वायर खाली, बाल्कनीत ट्रकची बॅटरी, खोलीत ट्रकवाले ड्रायव्हरसमोर लावतात तसले दोन छोटे पंखे. इक्बालने सगळं जोडलं. वॉचमन हमीदभाई रत्नागिरीचे. चावी देताना म्हणाले, "मालकाच्या मान्साला दिसला तर मी नाय बघितला." वर स्वतःहून आमच्या खोलीपुरत्या गच्चीला चुना फासला, दोन हात.

मेन स्विच बंद केला. पंखे फिरत राहिले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. वि.ला कळलं असावं. चहा करून ठेवला होता, नेहमीसारखा पांचट.

बुध. ३ जुलै

आज परीक्षा झाली. अकराला लाइट गेले ते चारला आले. रेवा ओल्या फ्रॉकमध्ये पंख्यापुढे पत्ते खेळत बसली होती, नफीसाला तीनदा हरवलं. ताप नाही. शंभरसुद्धा नाही. मला नाचावंसं वाटलं.

सोम. ८ जुलै

दोन दिवस धुळीचं वादळ. पॅनलवर राखेसारखा थर, पंखे मरगळले. पहाटे वर जाऊन पुसून आले.

इक्बालच्या वडिलांना झटका आला. त्याला आज गावी निघावं लागलं. दारात माझे हात धरून म्हणाला, "वैनी, हिचे दिवस भरलेत. तुमच्यावर टाकून चाललो." मी म्हटलं, निर्धास्त जा. म्हणायला काय लागतं.

शनि. १३ जुलै

नफीसाला मुलगा. अडीच किलोसुद्धा नाही. मीच होते तिथे. इक्बालला फोनवर लेकाचं रडणं ऐकवलं, मग तोही रडला.

रवि. २१ जुलै

काय लिहू.

दीडला लाइट गेले. नफीसा बाळाला घेऊन आली, तिला मीच बोलावलेलं. मग समोरच्या गुजराती कुटुंबातली आजी आणि सून. मग खालच्या मजल्यावरच्या दोन बायका, चार मुलं. हमीदभाईंनी चांगुलपणाने सांगितलेलं, "वैनींकडं पंखा चालतो." कुणाला नाही म्हणणार? दार उघडून उभी राहिले, मोठी दानशूर.

तासाभरात भिंतींना ओल आली. फॉईलवर थेंब. रेवाचा फ्रॉक मी भिजवतेय, पंखा चालू आहे आणि फ्रॉक वाळतच नाही. वाळला नाही तर ती गार कशी होणार? सगळ्यांना दरदरून घाम, तो सगळा हवेत. ज्यांना घाम येतो त्यांच्या घामाने माझ्या पोरीच्या वाट्याची कोरडी हवा खाल्ली. अकरावीच्या मुलांना मी हे फळ्यावर शिकवलंय.

रेवाचा ताप १०३.४. लाइट आले म्हणून निभावलं.

सोम. २२ जुलै

वि.शी कडाक्याचं भांडण. तो: "दार लाव. फक्त नफीसाला घे." मी: "आजीला काय सांगू? मर?" तो: "सांग की आमची मरेल."

दुसरं पॅनल शोधायला तो दुबईभर फिरला. मागवावं लागेल, महिना. इक्बालचं दुकान बंद, किल्ली त्याच्याकडे. मग एक पंखा वायर लांबवून नफीसाच्या घरी लावून पाहिला. तिची खोली पश्चिमेची, न झाकलेली, तिथला वारा म्हणजे हेअर ड्रायर. बाळाच्या अंगावर तो सोडणं म्हणजे भाजणंच. वायर गुंडाळून आणली. उद्यापासून तिच्या खोलीला थर्माकोल.

शुक्र. २६ जुलै

गुजराती आजींना येऊ नका म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "समझती हूँ बेटा." सुनेने दार जरा जोरात लावलं. खालच्या बायकांना वि.ने सांगितलं. लिफ्टमध्ये आता कुणी बोलत नाही. हात दाखवून अवलक्षण. पण रेवा शाबूत आहे. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी मुलांना किती हसत सांगायचे.

अबू धाबीजवळ खलिफा सिटीत वि.चा मित्र आहे, कंपनीच्या व्हिलात. म्हणाला, या चार दिवस. चार दिवसांनी पुढे काय, हे त्यालाही माहीत नव्हतं.

बुध. ३१ जुलै

खलिफा सिटीहून काल परत. मित्राकडे कंपनीचे पाहुणे आले. जाताना नफीसालाही चल म्हटलं होतं, बाळंतिणीने परक्या पुरुषाच्या घरी कसं यायचं म्हणून ती राहिली.

आज पुन्हा लाइट गेले, सबंध दुपार. तिच्या खोलीचं छत अर्धंच झालंय, म्हणून ती आमच्याकडे. आम्ही चौघंच, पण आता हवाच इतकी दमट की रेवाचा फ्रॉक हळूहळू वाळतोय, ताप चढतोय. मी थर्मामीटर बघून नफीसाकडे बघितलं. फक्त बघितलं. बोलले काही नाही, देवाशपथ. ती उठली, बाळाला घेतलं आणि स्वतःच्या घरी गेली. मी थांबवलं नाही. रेवाचा ताप उतरायला लागला आणि मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं.

लाइट आल्यावर तिच्याकडे गेले तर बाळ निपचित, दूध ओढेना.

गुरु. १ ऑगस्ट

बाळ वाचलं. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर सांगता येणार नाही. रेवाबद्दलही जूनमध्ये हेच म्हणाले होते.

नफीसा हॉस्पिटलच्या बाकावर. "वैनी, तुमचा दोष नाय. तुमची पोर आदी." तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पॅनल तिच्या नवऱ्याचं, हात त्याचे, आणि मी गरज सरो वैद्य मरो केलं. शब्द दिला होता मी त्याला.

रवि. ४ ऑगस्ट

पी.आर.ओ.: "नेक्स्ट वीक, हबीबी." वि.ने पहिल्यांदा कुणावर तरी आवाज चढवला. काही फरक पडला नाही, तरी मला आवडला.

मंगळ. ६ ऑगस्ट

नफीसा बाळाला घेऊन घरी आली आणि सरळ आमच्याकडे. म्हणाली, "वैनी, घाम मोठ्या मान्सांना येतो. पोरांना आत ठेवू. आपन भायेर."

इतकं साधं. इतके दिवस मी जीव मोजत बसले, मोठे जीव बाहेर काढायचं सुचलं नाही.

पण आत एक तरी मोठं माणूस हवंच. रेवाला दर थोड्या वेळाने भिजवायला, बाळाला पाजायला. एकच. पाजणं मला जमणार नाही. म्हणजे नफीसा आत आणि मी बाहेर. दार बंद ठेवायचं, कारण हॉलची गरम हवा एकदा आत शिरली की दुपारभर जात नाही.

आज तिला शिकवलं. फ्रॉक किती ओला, काखेत थर्मामीटर कसा, कुठल्या आकड्याला बर्फाच्या बाटल्या. ती शांतपणे ऐकत होती. मी मधेच थांबले. जिच्या बाळाला मी त्या दुपारी जाऊ दिलं तिच्या हातात माझी पोर. तिच्या मनात तसं काही नाही, माहीत आहे मला. माझ्याच मनात आहे. मी तिच्या जागी असते तर?

वि.ला सांगितलं. तो म्हणाला, "तिने तुझ्या दारात परत यायचं धाडस केलं ना? मग?"

बुध. ७ ऑगस्ट

एकला लाइट गेले. ठरल्याप्रमाणे ती दोघांना घेऊन आत, मी हॉलमध्ये. वि.चा फोन लागत नाही. कागद भिजतोय, पेन नीट उमटत नाही.

मघाशी आत पाण्याचा आवाज आला. मग रेवा काहीतरी इंग्लिशमध्ये बोलली. मग बाळ रडलं आणि थांबलं. नफीसा गुणगुणत होती, पोराला निजवताना गुणगुणतात तसं.

आता तेही नाही.

हाक मारली, हळूच, बाळ उठेल म्हणून. उत्तर नाही. पंखे मात्र चालू आहेत, ऐकू येतात. झोपली असतील तिघंही. बाळंतीण आहे, रात्रभर जागी असते बिचारी. झोपली असेल तर रेवाला कोण भिजवतंय?

दार उघडलं तर ही हवा आत जाईल. आणि तिला कळेल की माझा भरवसा नाही. आणि नाही उघडलं तर

कडीवर हात आहे. अजून उघडलेलं नाही.