‘नाखव्यांच्या बायका’चं परीक्षण

दिघी,
एप्रिल १९३४

प्रिय कृष्णे,

तुझं संतापलेलं पत्र मिळालं. पाकीट फोडण्याआधीच कळलं होतं, कारण रागात असलीस की तू पत्ता इतका दाबून लिहितेस की टाकाचं टोक कागदात रुततं. दिनानाथपंतांच्या लेखाला त्यांच्याच मासिकात उत्तर देणार, त्यांनी छापलं नाही तर पुण्यात चार लोक जमवून सांगणार, असं तू लिहितेस. ते उत्तर अजून पाठवू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. इथं जे घडलं त्यातलं थोडं मी तुला तुटक तुटक कळवलं, आणि बरंचसं कळवलंच नाही. तू तिथून माझ्यासाठी भांडत होतीस, तुझा जोर कमी होऊ नये असं वाटायचं. आज सगळं सांगते.

घरी सगळे खुशाल आहेत. हे बसऱ्याहून आलेत, पावसाळा संपेपर्यंत आता इथंच. आल्यापासून विहिरीचा कठडा बांधायला घेतलाय. त्या लेखाबद्दल मला काही विचारत नाहीत. फक्त माझी लिहायची चौकी होती तिथून कुणी हलवली, एवढंच एकदा विचारलं. मीच हलवली म्हटलं. त्यावर पुन्हा कठड्याकडे गेले.

तुला आठवतं ना, मुरुडला आपल्या मास्तरांनी, तात्यांनी, मला शाळेच्या ओसरीवर तुझ्या शेजारी बसवलं तेव्हा आमच्या मोहल्ल्यात केवढा गहजब झाला होता. पोरीला कुराण शिकवलं, बस झालं, मराठी कशाला, असं सगळे अब्बांना म्हणायचे. अब्बा म्हणाले होते, घरात बोलतो ती तरी कुठली जबान आहे? मराठीच आहे. बोलते ती लिहील. तात्यांनी निबंधावर शेरा मारला की तो मी घरी अब्बांना वाचून दाखवायची. चांगला शेरा असला की ते दोनदा वाचायला लावायचे. लिहिलेल्यावर कुणीतरी दोन शब्द लिहावेत ही चटक मला तेव्हाच लागली असावी.

पुस्तक निघालं तेव्हा तूच मला शिकवलंस. नुसतं छापून होत नाही, बिल्किस, लोकांच्या हातात ते कुणीतरी द्यावं लागतं. संपादकांना प्रती पाठव, सोबत स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिही, स्तुती मागू नकोस, वाचा एवढंच म्हण. दुसऱ्या नवख्यांची पुस्तकं मागवून घे, त्यांच्यावर लिही, खरं लिही. जो दुसऱ्याचं वाचत नाही त्याचं कुणी का वाचावं? मी अक्षरशः तसं केलं. यांनी मुंबईहून आणलेल्या तपकिरी कागदात प्रती बांधल्या, आगबोटीनं पाठवल्या, आणि प्रत्येक बोटीच्या दिवशी मी टपालाकडे डोळे लावून बसले. मग मासिकं येऊ लागली. शेवटच्या पानावर बारीक टाइपात, पंचांग आणि पाककृतींच्या पुस्तकांच्या मध्ये: ‘नाखव्यांच्या बायका, लेखिका सौ. बिल्किस, साभार पोच.’ सगळीकडे तेच. पुस्तक मिळालं, आभारी आहोत. उघडलं की नाही ते कुणी सांगेना.

मग तू लिहिलंस. तुझं परीक्षण छापून आलं त्या दिवशी मी अख्तरुन्निसा खालाकडे धावत गेले होते. तिचा नवरा गलबतासकट मलबारच्या वाटेवर गेला तो परत आलाच नाही. तिची गोष्ट पुस्तकात पहिली आहे, तिनं सांगितली तशी. तिला अक्षर वाचता येत नाही. मी तुझं परीक्षण वाचत गेले आणि ती मान हलवत गेली, आणि शेवटी म्हणाली, “म्हणजे पुण्यात माझा नाखवा लोकांना माहीत झाला म्हण की.” मी हो म्हटलं. त्या दिवशी ते खोटं वाटलं नव्हतं.

पण तुझ्या त्या लेखाचं काय झालं हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही. तू मनापासून लिहिलं होतंस की ही भाषा शिकवून येत नाही, माझी ही मैत्रीण कोकणच्या किनाऱ्यावर पडद्यात राहून हे लिहिते. ते वाचून लोकांना मी खरी वाटले नाही, तू हुशार वाटलीस. मुसलमान बाई, दिघीसारख्या गावात, आणि असं मराठी? ओळखीची कृष्णाबाई मात्र लिहिणारी, आणि मूळची मुरुडचीच. दोन आणि दोन जोडले त्यांनी. तू जितक्या वेळा माझी साक्ष दिलीस तितक्या वेळा माझं पुस्तक थोडं थोडं तुझ्याकडे सरकत गेलं. यात तुझी चूक नाही. दुसरं कुणी साक्ष द्यायला उभंच नव्हतं.

एक होता, खरं तर. आगरदांड्याचे मास्तर हरेश्वर. त्यांच्या पहिल्या कवितांवर मी लिहिलं होतं ते तू वाचलं आहेस. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, कवितेत खाडीकाठच्या खाजणाचा, खाऱ्या जमिनीचा, चिखल जसाच्या तसा आणलेला, आणि त्यावर एक ओळ कुणी लिहीत नव्हतं. माझा लेख आला आणि मग मुंबईच्या दोघांनी त्यांची दखल घेतली. तेव्हापासून आमची पत्रं सुरू होती. माझी कच्ची गोष्ट ते वाचायचे, त्यांची कविता मी. खाडीच्या या काठावरून त्या काठावर होडीतून कागद जायचे. माझ्या गोष्टी वाक्यावाक्यानं कशा झाल्या हे तुझ्यापेक्षाही त्यांनी जास्त पाहिलंय.

माघात दिनानाथपंत हवापालटासाठी मुरुडला आले. तू त्यांना लिहिलंस, तिथं गेलाच आहात तर बाईंना भेटा, स्वतः खात्री करून घ्या. त्यांनी वाचनालयात बोलावलं. हे तेव्हा घरी होते, म्हणाले, “जाऊ या. आपल्याला काय लपवायचंय?” होडीनं आगरदांड्याला उतरलो, तिथून गाडीनं मुरुड. वाचनालयात एका बाजूला बांबूच्या काड्यांची चिक सोडली होती, तिच्यामागे मी बसले. पलीकडे पंत, गावातले वकील, दोन मास्तर, आणि हरेश्वर. हे दाराशी उभे.

पंत वाईट बोलले नाहीत. अगदी अदबीनं म्हणाले, बाई, गैरसमज नको, आम्ही विषय देतो, आपण पानभर लिहा. विषय दिला, सकाळ. दौत-टाक आत आलं. टाक बुडवून लिहायला लागले. सकाळी शिडं दिसली की बायका आधी शिडं मोजतात, मग चुलीकडे बघतात, आणि ज्यांचं शीड नसतं त्या सगळ्यांत मोठ्यानं हसतात, असं काहीसं लिहिलं. कागद बाहेर दिला. पंतांनी तो मोठ्यानं वाचला. फार सुंदर वाचला, कृष्णे. माझंच लिहिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं असं वाटलं. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली. मग ते म्हणाले, “उत्तम. पाठांतर उत्तम आहे.”

कुणीतरी हसलं. मी पडद्यातूनच म्हटलं, “विषय तुम्ही आत्ता दिलात. पाठ मी केव्हा केलं?”

ते म्हणाले, “बाई, गलबत आणि घरी राहिलेली बायको, यापलीकडे पुस्तकात दुसरं काय आहे? कुठलाही विषय द्या, वाट तिथंच जाणार. शिकवणाऱ्याला ते ठाऊक असणार.”

तेव्हा मी हरेश्वरांचं नाव घेतलं. म्हटलं, “भाऊ, तुम्ही सांगा. तुम्ही माझे खाडाखोडीचे कागद पाहिलेत.” चिकेतून मला ते स्पष्ट दिसत होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, “कागद पाहिलेत. अक्षर बाईंचं आहे, हे मी सांगू शकतो. मजकूर कुणाचा, ते मी कसं सांगणार?”

यांनी तेवढ्यात पुढं येऊन म्हटलं, “चल बिल्किस.” परतताना होडीतून काठाला उतरल्यावर म्हणाले, “मी दर्यावर असताना तू लिहिलेली पत्रं दाखवू का त्याला? त्यातली भाषा बघू दे.” मी नको म्हटलं. ती पत्रं तरी माझी राहू देत.

काही दिवसांनी हरेश्वरांची बायको काशी आली. डोक्यावर लाल तांदळाची टोपली. ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. “बाय, त्यांस्नी झोप न्हाय. त्यांचं नवं पुस्तक त्या पंतांच्या टेबलावर हाय. तवा बोललं असतं तर तेबी गेलं असतं. आमच्यातला कोन कधी पुस्तकवाला झाला हाय का वो? रागावू नका.” मी रागावले नाही. तांदूळ ठेवून घेतले, तिला चहा दिला. पुढच्या महिन्यात हरेश्वरांच्या पुस्तकावर पंतांचं परीक्षण आलं, चांगलं आलं, आणि ते पुस्तक खरंच चांगलं आहे. मी त्यावर लिहायला बसले होते. दोन वाक्यं झाली आणि कळलं की आता माझ्या नावानं लिहिलेलं परीक्षण कुणाच्याच कामाचं नाही. ज्या नावाचा माणूसच नाही त्याच्या शिफारशीला काय किंमत? उलट त्यांना अपायच व्हायचा. कागद बाजूला ठेवला. चौकी मी हलवली ती त्या दिवशी.

आणि मग हा लेख, ज्यानं तू पेटली आहेस. तू त्यातली एकच ओळ वाचलीस, असं मला वाटतं. ‘बिल्किस हे टोपणनाव असून लेखणी कृष्णाबाईंची आहे, यात आता संशय नाही.’ मी सगळा वाचला. कितीदा वाचला ते विचारू नकोस. कृष्णे, त्या माणसानं माझं पुस्तक वाचलंय. खालाच्या गोष्टीत ती नवऱ्याचं जेवण वाढून झाकून ठेवणं कधी बंद करते ते मी कुठंच सांगितलेलं नाही, फक्त ताट एक कमी होतं. ते कुणालाच दिसलं नव्हतं. तुलाही नाही, माफ कर. त्यांना दिसलं. त्यावर त्यांनी एक परिच्छेद लिहिलाय. असं परीक्षण मिळावं म्हणून मी सगळ्या मासिकांकडे प्रती धाडल्या होत्या, आणि ते मिळालं. प्रत्येक वाक्य खरं आहे, एक सोडून. माणूस मूर्ख असता, आंधळा असता, तर मी हसून सोडलं असतं. तो एवढं बघू शकतो आणि चिकेमागची मी त्याला दिसत नाही, हे माझ्यानं सोसवत नाही.

यानंतर मी लिहिणार नाही. यांनी समजावून पाहिलं, खालानं तर शिव्या दिल्या. रुसवा नाही हा. लिहायला बसलं की पहिल्या शब्दापासून कुणीतरी विचारतं, हे तुला कुणी सांगितलं? आणि कधी कधी, खरं सांगते, मला स्वतःलाच वाटतं की तूच सांगितलं असशील.

आता हे पत्र का लिहिलं ते. मुंबईहून प्रकाशकांचं यांना पत्र आलंय. पावसाळ्याआधी वखार रिकामी करायची आहे, आमच्या पुस्तकाचे छापून न बांधलेले फर्मे पडून आहेत, ते रद्दीत जातील. मात्र पंतांच्या लेखानंतर विचारणा होते आहे, तेव्हा कृष्णाबाईंनी मान्य करून मुखपृष्ठावर आपलं नाव दिलं तर ते लगेच नवी आवृत्ती काढतील. तू उत्तर छापलंस की हे संपलं. मग माझं खरं ठरणार नाही आणि पुस्तकही राहणार नाही. म्हणून हात जोडून सांगते, उत्तर फाडून टाक. पंत विचारतील, प्रकाशक विचारतील, हो म्हण. तुझ्या जिभेवर ते येणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी म्हण. त्या बायका वाण्याच्या पुड्यांत जाण्यापेक्षा तुझ्या नावाखाली राहिलेल्या बऱ्या. खालाला मी काही सांगणार नाही, तिला मुखपृष्ठ वाचता येत नाही. नव्या आवृत्तीची प्रुफं तपासायला तुझ्याकडे येतील तेव्हा तिसरी गोष्ट नीट बघ. पहाटे जमिनीवरून दर्याकडे जाणारं ते मतलई वारं, छापखान्यानं तिथं ‘मतलबी वारं’ केलंय. मला तेव्हा फार लागलं होतं. तेवढं दुरुस्त कर. तुझ्या पुस्तकात चूक राहायला नको.

तुझीच,
बिल्किस