दोष लसीचाच

४ मार्च
लस कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा ठोकला. वकील मिळालाय, म्हणजे केस जिंकल्यात जमा. लस घेतल्यापासून माझा उजवा हात थरथरतो, आणि सलूनवाल्याचा हात थरथरला की दुकान संपलंच. आता डोकं शांत ठेवायचं. चहा बंद.

५ मार्च
चहा चालू. चहाचा काय संबंध?

१९ मार्च
वकील म्हणाले, लस डाव्या दंडात आणि थरथर उजव्या हातात, हे कसं? मी म्हटलं, रक्त काय एका जागी बसून राहतं? त्यांनी पेनाला टोपण लावलं. पॉइंट लिहून घेतला नाही, पण पटला असणार.

२ एप्रिल
हल्ली गिऱ्हाइकं नुसते केस कापून घेतात. दाढीचं नाव काढलं की उठतात. शेजारचा शिंपी तर गळ्यावर हात ठेवूनच खुर्चीत बसला. दाढी वाढवायची फॅशन आलीय, दुसरं काय.

१४ एप्रिल
बायको म्हणते, "अहो, मामंजींचंही असंच सुरू झालं होतं." बाबांचं वेगळं. शेवटी शेवटी त्यांना घासही... जाऊ दे. बाबांनी लस घेतलीच नव्हती, मग त्यांचं आणि माझं एक कसं? बिनतोड पॉइंट. वकिलांना द्यायचा.

६ मे
कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं. घरात आणखी कुणाला होतं का, विचारलं. मी ठणकावून नाही म्हटलं. बायकोने हो म्हटलं. घरचा भेदी! वर सांगते, लसीच्या आधीपासूनच यांचा चहा बशीत सांडतो.

७ मे
तिच्याशी अबोला. निदान आठवडाभर.
सोडला. शर्टाची बटणं तीच लावते.

२८ मे
कंपनी टरकली! तडजोड करू म्हणते. थोडे पैसे देणार, पण लसीचा दोष नाही असं मी मान्य करायचं. साफ नाही म्हटलं. पैसे ठेवा तुमच्याकडेच, पण हे लसीने झालं एवढं लिहून द्या. लसीने झालं असेल तर कधीतरी थांबेल. बाबांचं थांबलं नव्हतं. मला भीती वाटते.

३ जून
वकील म्हणाले, ताणलं तर हातचंही जाईल. बायको म्हणाली, "घ्या हो. आपण चांगला डॉक्टर गाठू." आणि रडायलाच लागली. केवळ तिच्यासाठी हो म्हटलं.

५ जून
तडजोडीच्या कागदावर सही केली. वकीलपत्रावरच्या सहीशी जुळेना. पुन्हा केली. तिसरी कागदाबाहेर गेली. कारकून भला माणूस, त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला. अंगठाही जागेवर टेकेना. हिने मनगट घट्ट धरलं, तेव्हा कुठे उमटला.