सरकारतर्फे हरकत नाही

१० नोव्हेंबर, सोमवार

कोर्टाच्या पायऱ्यांवरच जयवंताबाईंनी अडवलं. सेलूच्या पुढच्या त्या गावच्या सरपंच. सोबत चार-पाच बायका. मला वाटलं, पुढची तारीख विचारायला आल्या असतील.

"वकील बाई, तुम्हीच लिहून देल्लं म्हन्ते. हरकत नाई म्हणून."

"कशाला?"

"आमच्या ई-क्लासच्या चराईच्या जमिनीले. तो मानूस खांब गाडून राह्यला. पोलिसाले बोलावलं, त पोलीस म्हन्ते कोर्टाचा हुकूम आहे, सरकारी वकिलीनच हो म्हटलं. आता ढोरं कुठी न्यावं, तुम्हीच सांगा."

मी झापलं त्यांना. कोणीतरी काहीतरी सांगतं आणि तुम्ही ऐकता, असं होत नसतं — वगैरे. मग खोलीत येऊन संगणकावर प्रकरण उघडलं.

होतं. ४ नोव्हेंबर. वादीचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज. 'सरकारतर्फे हरकत नाही. अर्ज मंजूर.' आणि त्याखाली — सहायक सरकारी वकील हजर, म्हणजे मी, आणि माझी सही.

मी हजर नव्हते! ४ तारखेला मी नागपूरला होते, नवऱ्याच्या, रूपरावांच्या, डोळ्याच्या ऑपरेशनला. रजा टाकली नव्हती. म्हटलं, एका दिवसाचं काय.

बासष्ट एकर चराईची सरकारी जमीन. बाहेरचा एक माणूस म्हणतो की ती त्याच्या आजोबांनी घेतली होती. त्याला तिथे सौरऊर्जेची पॅनेल लावायची आहेत. दोन वर्षं मी हा दावा लढते आहे. आणि माझ्याच सहीने त्याला वाट मोकळी. आता गावातलं कोणी त्या जमिनीवर पाय ठेवेल तर गुन्हेगार ते!

 

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिहून ठेवते, म्हणजे मलाच नीट समजेल.

रोज तीन-तीन कोर्टांत एकाच वेळी माझं नाव पुकारतात. म्हणून सकाळी पाच-सहा कोऱ्या कागदांवर खाली सही करून ते प्रभाकररावांजवळ देते. प्रभाकरराव माझे लिपिक. समोरच्या वकिलाने मुदत मागितली की त्या कागदावर 'सरकारतर्फे हरकत नाही' लिहायचं आणि लावायचं. बावीस वर्षं असंच चालू आहे. ३ तारखेला संध्याकाळी, नागपूरला निघण्याआधी, असे सहा कागद दिले होते.

आज दार लावून विचारलं. ते उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"अक्षर कोणाचं?"

"माझंच, मॅडम."

"कोणी सांगितलं होतं?"

"तुमच्याशी फोन झाला होता..."

"मी मुदतीच्या अर्जांवर लिहा म्हटलं होतं. मुदतीच्या!"

"हो मॅडम."

"मग?"

"चुकलं, मॅडम."

बस. फेब्रुवारीत निवृत्त होतील. इतक्या वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नाही त्यांच्याकडून. कोणी त्यांना गाठलं असेल का? विचारलं तर मान हलवली, नाही म्हणून. डोळे जमिनीवर.

अजून मला कोणी विचारलेलं नाही, की बाई, किती घेतले? पण विचारतील. चहाच्या टपरीवर बोलणं सुरूही झालं असेल. आज तिथून गेले तेव्हा तिघे वकील एकदम गप्प झाले. कदाचित सहजच झाले असतील.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मोठ्या साहेबांना, म्हणजे जिल्हा सरकारी वकिलांना, सांगावंच लागलं. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. मला 'बाई' म्हणतात. फाईल चाळली आणि हसले.

"सही तुमची. पण अक्षर बाबूचं आहे ना? मग घाबरता कशाला? त्याचं शपथपत्र घ्या, की मॅडमला न विचारता मी परस्पर लिहिलं. त्यावर हुकूम रद्द करायचा अर्ज टाका. वीस तारखेला सुनावणी आहेच. गावाची जमीनही वाचेल, तुम्हीही."

"पण त्या दिवशी मी—"

"तुम्ही शेजारच्या कोर्टात होता."

त्यांनी फाईल मिटली.

"होता ना, बाई?"

"हो."

एवढं सोपं असतं खोटं बोलणं. साक्षीदारांना उभं करून करून मी किती घाम फोडला असेल! आणि स्वतः एका अक्षरात मोकळी झाले.

बाहेर आले. बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले नुसती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एकाही कोऱ्या कागदावर सही केली नाही. तिन्ही कोर्टांत धावले. दोन ठिकाणी गैरहजर लागले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी असून प्रभाकररावांना बोलावलं. शपथपत्र मीच तयार केलं होतं. 'वकील मॅडमच्या कोणत्याही सूचनेशिवाय, माझ्या मनाने सदर मजकूर लिहिला.' म्हटलं, वाचा. वाचलं नाही. पेन मागितलं.

"वाचा तरी आधी."

"तुम्ही लिहिलं म्हणजे बराबरच असन, मॅडम."

मग सही केली. हळू, एकेक अक्षर लावून, वहीच्या पहिल्या पानावर नाव घालतात तशी.

यांची चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. गुन्हाही दाखल होऊ शकतो. हे त्यांना माझ्याइतकंच कळतं, तीस वर्षं कोर्टात गेली त्यांची. निघताना विचारलं, "रूपरावसाहेबांच्या डोळ्याचं बरं आहे ना आता?"

मी फक्त "आहे" म्हटलं.

खोटं नाही लिहिलेलं. मला चांगलं आठवतं. दवाखान्याचा कॉरिडॉर, रूपरावांच्या डोळ्यात थेंब घालत होते, नर्स नंबर पुकारत होती. मी म्हटलं होतं, मुदतीच्या अर्जांवर. हेच म्हटलं होतं. हेच म्हणते मी नेहमी.

१६ नोव्हेंबर, रविवार

राहवलं नाही. ऑटो करून जमिनीवर गेले. जायला नको होतं.

खांब अर्ध्याहून जास्त लागले आहेत. तीन बाजूंनी तार. वाटेवर वीस-पंचवीस गाई तारेला लागून उभ्या. कोणी हाकलत नव्हतं, त्याही हलत नव्हत्या. जयवंताबाई हातात काठी घेऊन मेंढ्यासारख्या एका दगडावर बसलेल्या.

"पाहाले आल्या?"

"हो."

"पाहा मंग. जनावर रोजच्या वाटेनं येते अन् इथंच उभं राहाते. त्याले तुमचा हुकूम वाचता येत नाई."

मी सांगितलं की गुरुवारी अर्ज आहे, हुकूम रद्द होईल, चूक आमच्या ऑफिसच्या लिपिकाची होती.

"लिपिक म्हंजे ते प्रभाकरराव? पांढऱ्या मिशीचे?" त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "त्यायनं मागच्या खेपेले आमाले बसाले खुर्च्या देल्ल्या होत्या. तुम्ही त 'बाहेर थांबा' म्हटलं होतं."

मागून कोणीतरी माझा फोटो काढला. दोन-तीन मोबाईल वर आले. एक जण मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "घ्या, घ्या, हीच आहे ते. हरकत नाईवाली."

जयवंताबाईंनी त्याला काठी दाखवली. मग मला म्हणाल्या, "चहा घेऊन जा. राग आहे तुमच्यावर. पन उन्हाच्या आल्या."

नाही घेतला.  घरी येऊन दाराची कडी दोनदा पाहिली. काय करणार आहेत ते? काही नाही. तरी पाहिली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना रूपराव म्हणाले, "काऊन अशी करून राह्यली तू? चार दिस झाले, भाजीत मीठ नाई."

सगळं सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी रजा टाकली नव्हती, हेही. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघत ऐकलं त्यांनी.

"मंग आता तुयावर येत नाई न काही?"

"नाही. सगळं त्यांच्यावर."

"मंग घाबरते कायले?"

म्हटलं, "मला एवढंच कळत नाही की शंका होती तर त्यांनी विचारलं का नाही? एक फोन करायचा. मी सांगितलं असतं."

रूपराव हसायला लागले. ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"तुले? दुसऱ्यांदा? अवं, छत्तीस वर्षं झाले, भाजी कोन्ती आनू हे मी तुले दुसऱ्यांदा इचारलं नाई. जे समजलं ते आनतो अन् बोलनं खातो."

मला हसू आलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अर्ज तयार. प्रभाकररावांचं शपथपत्र लावलं. माझं एका ओळीचं — 'त्या वेळी मी शेजारील न्यायालयात व्यस्त होते' — तेही टाइप करून आणलं, अजून सही केलेली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी

साडेसातला प्रभाकररावांची मुलगी सुरभी दारात. बी.एड.ला आहे. आत ये म्हटलं तर आली नाही.

"बाबा नाई सांगनार, मॅडम. ते घाबरते तुम्हाले. मीच आली." हातात त्यांचा मोबाईल. त्यात सगळे फोन आपोआप रेकॉर्ड होतात, त्यांनाही माहीत नव्हतं, तिने परवा शोधलं. तारीख ४ नोव्हेंबर, अकरा वाजून सहा मिनिटं. तिने ते लावलं.

"मॅडम, मुदतीचे चार अर्ज आहेत, त्यावर लिहितो. पण सेलूच्या जमिनीचा जो—"

"सगळ्यांवर लिहा म्हटलं ना, प्रभाकरराव? एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला? आता परत फोन करू नका."

आवाज माझा.

त्यांचं शपथपत्र फाईलमधून काढून सुरभीच्या हातात दिलं. माझं टाइप केलेलं फाडलं. दुसरं हातानेच लिहिलं आहे — कोरे कागद, नागपूर, फोन, सगळं. सही शेवटी केली, मजकूर पूर्ण झाल्यावर. अकराला पुकारा होईल.