पाठवणी राहिली

१२ फेब्रुवारी १९७४
मोहोळजवळच्या खेड्यातून परत. कॉलेजचा टेपरेकॉर्डर वाहून खांदा मोडला, पण काम फत्ते! गंगूबाईंनी देवीचं बोलावणं पूर्ण गायलं. तोंडात दात नाही, आणि पहिल्या हाकेला अंगावर काटा. तेलुगू बोलावणं इथंच सोलापुरात विणकरांच्या वस्तीत मिळालं होतं, कानडी दुधनीला. आता तिन्ही झाली. तिन्हीकडे कल्पना एकच : घरात गोवर म्हणजे देवी पाहुणी आली.
पाठवणी, म्हणजे तिला शिवेबाहेर पोचवायचं गाणं, तेवढं राहिलं. फीत संपली, एस.टी.ची वेळ झाली. गंगूबाई मागून ओरडत होत्या, "अवं मास्तर, आईला बोलावलंय, पाठवायला नगं व्हय? आसं अर्ध्यातनं उठू नका की!" म्हटलं, येतो पुढच्या आठवड्यात. चर्चासत्राच्या निबंधाला पाठवणीचा तसा उपयोग नाही.

२० फेब्रु.
दिवसभर फीत पुढे-मागे. तिसऱ्या कडव्यातला एक शब्द काही केल्या लागत नाही. सुमती शाळेतून आली (विज्ञानाच्या वह्या तपासायच्या, डोकं आधीच उठलेलं) : "अहो, किती बोलावताय तिला? येईल हं खरंच!" मंजूला सगळं पाठ. बाहुलीला पाटावर बसवून 'ये गं ये गं' चाललंय. आठ वर्षांची पोर, सूर माझ्यापेक्षा बरा.
पुण्याचं चर्चासत्र तोंडावर. मोहोळला जाणं झालं नाही. सवड कुठाय?

२६ फेब्रु.
मंजूला ताप. कानामागे पुरळ. डॉक्टर म्हणाले, गोवर.
"शाळेत साथ आहे, सुमती."
"मी कुठं काय म्हटलं?"
खरंच, ती काही म्हणाली नव्हती. मग मी कुणाला सांगत होतो?

१ मार्च
ताप हटत नाही. खोकला. डॉक्टरांनी छातीला बराच वेळ नळी लावली. "छातीत उतरतोय. दोन दिवस बघू, नाहीतर दवाखान्यात हलवू."
दुपारी ग्लानीत मंजू बोलावणं म्हणायला लागली. आजारी लेकरावर ओरडलो, "गप्प बस!" शरम वाटली. भीती त्याहून जास्त वाटली. जन्मभर लोकांच्या देवी अभ्यासल्या, त्या सगळ्या लोकांच्या घरातल्या.
सुमती पदराला हात पुसत म्हणाली, "तुमची देवी मी मानत नाही. पण त्या बाईंना येतो म्हणालात आणि गेला नाहीत, ते मला पटत नाही. जाऊन या."
"पोरीला अशी टाकून?"
"इथं बसून तरी काय करताय? नखं खाताय!"

२ मार्च
पहिल्या गाडीने मोहोळ. वाटलं, गंगूबाई फैलावर घेतील. त्यांनी आधी चहा दिला. "लेकराला आई आली व्हय? बसा, बसा."
सोलापूरला चला म्हटलं. टॅक्सी करतो.
"मी यून काय करू? बोलावणं कुनीबी म्हनंल. पाठवणी ज्याच्या घरात आई बसली त्यानंच म्हनायची. तुमीच म्हना."
अरे देवा! हे तर मीच निबंधात लिहिलंय. 'ही रूढी तिन्ही भाषांत समान.' तीन ठिकाणी विचारून, खात्री करून. आणि पाठवणी म्हणायला मात्र दुसऱ्याला आणायला निघालो होतो.
शाळेतल्या पोरासारखा पुढ्यात बसून शिकलो. टेप नेलाच नव्हता.
आलीस तशी जा गं आई,
हिरवा खण लेऊन जा.
घरचं लेकरू घरात राहू दे,
शिवेची वाट धरून जा.

३ मार्च
म्हटली.
खण सुमतीनं आपणहून काढला. मी बघत राहिलो तर म्हणाली, "बघताय काय? म्हणा. आणि आता मधेच तोडू नका." शेजारी ऐकतील म्हणून खिडकी लावून घेतली. मग वाटलं, ही पाहुणी जाणार कुठून? उठून उघडली. आवाज फाटला. 'घरचं लेकरू' ही ओळ काही केल्या पुढे जाईना. सुमती मंजूला धरून भिंतीकडे बघत होती. तिसऱ्या खेपेला ओळ गेली पुढे.
खण पिशवीत घालून नाक्यापलीकडच्या बाभळीखाली ठेवून आलो. वाटेत आमच्याच कॉलेजातले एक भेटले. "काय सर, भर उन्हात?" म्हटलं, पाय मोकळे करतोय.

४ मार्च
सकाळी ताप जरा उतरलाय. डॉक्टर : "औषध लागू पडलं." म्हटलं, अर्थात. खोकला आहेच. उद्यापर्यंत काही सांगत नाही म्हणाले.
निबंध आज टपालात पडायला हवा. तो एक शब्द अजून अडलाय. फीत एकदा ऐकली की काम होईल. एकदाच.
मंजूनं दोन घोट पेज घेतली. बारीक आवाजात म्हणते, "बाबा, ती आजी लावा ना. ये गं ये गं वाली."
सुमती भांडं हातात घेऊन दारात थांबली. विज्ञानाची बाई! तिनं एकदा तरी म्हणावं, लावा की, त्यात काय होतंय. म्हणत नाही.
मशीनची खोळ काढून ठेवलीय. हे लिहीत बसलोय, आणि मंजू विचारतेय, "लावताय ना?"