तोफेपुढे चपला काढून

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. नेहमीसारखे भरघोस नाहीत. रागातून जेवढे वाचले तेवढे पाठवते आहे. तुझी प्रकृती ठणठणीत असेलच, कारण त्रास करून घ्यायचं काम तू इतरांवर सोपवलेलं आहेस. माझं डोकं सकाळपासून ठणकतंय. तुझ्या बायकोला मात्र मनापासून विचारलंय म्हणून सांग. ती बिचारी निर्दोष आहे (लग्न सोडल्यास).

"ताई, किनाऱ्यावरच्या पाचही प्रेक्षणीय ठिकाणी आमच्या खात्याने नवे माहितीफलक लावलेत. शनिवारी मोठे साहेब पाहायला येतायत. त्यांनी मान डोलावली की माझी बढती पक्की. तू नि भावजी आधी एकदा नजर टाकून या ना," असं फोनवर लाडीगोडी लावून तूच म्हणालास. टाकली नजर. मी जन्मभर टेलिफोन खात्यात बसून लोकांच्या तक्रारी ऐकल्या, आता निवृत्तीनंतर माझी एक तू ऐक.

पहिलं ठिकाण देऊळ. समुद्राकडे तोंड केलेलं, शांत, दगडी, बघताच हात जोडावेत असं. जोडायला गेले तर दारात तुझा फलक: 'येथून शत्रूच्या जहाजांवर तोफांचा भडिमार होत असे.' पुजारी पायरीवर डोकं धरून बसले होते. सकाळपासून लोक त्यांना विचारतायत, दारूगोळा कुठे ठेवलाय? मला वाटलं, एखादी चूक होते माणसाच्या हातून. (बघ, तोवर मी किती समजूतदार होते.) पुढे राजवाडा. त्याच्या दारात: 'आत वटवाघळे आहेत. वाकून चालावे.' आता त्या वाड्याची छतं दोन मजले उंच, नि खालून अख्खी सहल कमरेत वाकून चाललेली! वाड्याच्या वृद्ध मालकीणबाई वर गॅलरीत उभ्या. त्यांना वाटलं, लोक मुजरा करतायत. त्या आपल्या एकेकाला हात उंचावून आशीर्वाद देत होत्या. मी त्यांचा भ्रम मोडला नाही. या वयात एवढं सुख कोण कोणाला देतं?

तिसरं दीपगृह. तिथला फलक बरोबर निघाला, तेव्हा तर मी जास्तच घाबरले. चौथ्या जागी लेणी. त्या मिट्ट काळोखात 'राणीसाहेबांच्या पलंगास हात लावू नये' वाचून एक नवं जोडपं पलंग शोधत आत गेलं होतं, ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आलं नव्हतं. आणि शेवटी किल्ला. तिथे देवळाचा फलक: 'पादत्राणे बाहेर काढावीत. रांगेत दर्शन घ्यावे.' टळटळीत ऊन, काळा फत्तर, आणि लोक अनवाणी, एका पायावरून दुसऱ्यावर उड्या मारत, रांग लावून तोफेच्या पाया पडतायत! कुणीतरी तिला झेंडूचा हारही घातला होता. तुझे भावजी सरकारी पाटीपुढे नेहमीच आज्ञाधारक. मी "अहो, ती तोफ आहे!" म्हणेपर्यंत ह्यांनी चपला काढून कपाळ टेकलं होतं. तोफ तापलेली. कपाळावर अजून गोल डाग आहे.

झालं काय, ते तुझा ठेकेदार तिथेच सावलीत टेम्पोला टेकून बसला होता, त्याच्याकडून कळलं. त्याने फलक टेम्पोत भरले ते रस्त्याच्या क्रमाने: देवळाचा सगळ्यात खाली, किल्ल्याचा सगळ्यात वर. आणि लावताना पहिल्या ठिकाणी वरचा काढला. म्हणून मधला तेवढा जागेवर पडला. मी म्हटलं, अरे भल्या माणसा, लावताना वाचलास का? तर म्हणतो, "बाई, पाच जागा, पाच फलक. एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही. उरला असता तर चूक म्हणायची!" शिवाय वर, "साहेबांनी सही केलीय." म्हणजे तू!

आज गुरुवार आहे, धाकट्या. दोनदा तुला डावलून तुझ्या हाताखालच्यांना वर चढवलं, तेव्हा तू माझ्याकडे येऊन जेवला नव्हतास, हे मी विसरलेले नाही. शनिवारी साहेबांनी तोफेपुढे चपला काढल्या तर बढती राहू दे, आहे ती खुर्चीही जाईल. तेव्हा हातचं सगळं सोड आणि फलक जागच्या जागी लाव. मोठी बहीण म्हणून यापुढे मी यात पडणार नाही.

तुझी,
ताई

ता. क. पडले आहे. ठेकेदार जेवायला गेला तेव्हा मी किल्ल्यावरच्या बागेच्या माळ्याकडून पहार मागून घेतली. त्या सिमेंटचा दर्जा असा, की पहार लावायच्या आतच फलक ह्यांच्या अंगावर आला. तो आमच्या भाड्याच्या जीपमध्ये घालून देवळाकडे निघालो, तर नाक्यावर पोलिसांनी अडवलं. सरकारी मालमत्तेची चोरी म्हणे. वरचं पत्र किल्ल्यावर लिहिलं होतं, हा ता. क. पोलीस चौकीतल्या बाकावर बसून लिहिते आहे. फोन त्यांनी काढून घेतलाय. जीपवाला पत्र आणून देईल. आम्ही तुझी माणसं आहोत असं सही-शिक्क्यानिशी लिहून घेऊन ताबडतोब ये. येताना टेम्पो आण, अजून तीन फलक उपटायचे आहेत.

आणखी ता. क. फौजदारांचं म्हणणं, आम्हाला सोडतो, पण हे फलक लावून घेणारा शहाणा कोण, तेवढं सांगा. "ठाऊक नाही" म्हणून मी दोनदा सांगितलं. पण मी कॉन्व्हेंटची मुलगी, आमच्या सिस्टरांनी खोटं बोलायची सवय लागू दिली नाही. आणि तुझे भावजी मगापासून घसा खाकरतायत. नीघ.