सतरावी गळती

प्रिय कमूस,

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होते. आईचा खोकला थांबला का? नाचणी घरात आली का?

कारखान्यात वीज आणि धूर कमी करायची मोहीम चालू आहे. हवेचे पाइप जिथे गळतात आणि वीज वाया जाते, अशा सोळा जागा मी नुसत्या कानाने सांगितल्या. पुण्याच्या उमेश साहेबांनी तिथे गळती शोधायचे यंत्र टेकवले आणि फलकावर फोटो त्यांचाच लागला. वर मला म्हणतात, "वाळूभाऊ, यंत्र फार हुशार आहे हो!" मी हसलो, पण आतून जळफळाट झाला.

सतरावी गळती भट्टीमागे आहे. ती मी सांगितलेली नाही. सोमवारी मालक येतील तेव्हा त्यांच्यासमोरच बोट दाखवीन. तोवर तिची फुसफुस दिवसभर मलाच ऐकावी लागते.

आईच्या पाया पडतो.

तुझाच,
वाळू